दोनशे चाळीस

“निवास, धूर हालंना.”

सर्जादा ग्राइंडर बंद करून उभे होते. हातात पेटलेली बिडी. ती ओढत नव्हते; समोरच्या पत्र्याच्या हूडच्या तोंडाशी धरून एकटक बघत होते. धूर सरळ वर चालला होता.

“बिडी ओली आसंल,” मी म्हणालो.

आजूबाजूचे हसले. सर्जादाही हसले. पण बिडी तिथंच धरून म्हणाले, “लेका, चौदा वर्सं रोज सकाळी हितं धूर दाखवतोय. आधी सुईगत आत जायचा. आज बघ. हुबा ऱ्हायलाय पावण्यागत.”

कोल्हापूरबाहेरच्या एमआयडीसीतली आमची फौंड्री. सर्जेराव मगदूम फेटलिंगला होते. म्हणजे ओतलेलं कास्टिंग थंड झालं की त्याला चिकटलेली वाळू आणि कडेचं फालतू लोखंड ग्राइंडरनं घासून काढायचं. घासताना जी वाळू उडते ती पिठाहून बारीक. दिसते ती अंगावर बसते, दिसत नाही ती आत जाते. म्हणून प्रत्येक ग्राइंडरपुढं एक हूड, त्याच्यामागं पाइप, आणि सगळे पाइप भिंतीबाहेरच्या मोठ्या लोखंडी पेटीत. पेटीत चौसष्ट कापडी पिशव्या टांगलेल्या. पलीकडून ब्लोअर हवा ओढतो, धूळ पिशव्यांवर अडकते. ती झाडायला कॉम्प्रेसरची हवा. अर्ध्या अर्ध्या मिनिटाला पेटीत ‘ठप्प’ वाजायचं आणि पिशव्या झटकल्या जायच्या.

ते ठप्प दोन महिन्यांपासून बंद होतं. मोल्डिंगच्या मशिनांना हवा पुरत नव्हती. प्रॉडक्शन मॅनेजर हुक्केरीनं मला बोलावून सांगितलं होतं, “झाडणीची हवा बंद कर. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. नवा कॉम्प्रेसर येतोय.” मी व्हॉल्व्ह फिरवला. नवा कॉम्प्रेसर यायचा होता, येतच राहिला.

मी मेंटेनन्सला होतो. आयटीआय अर्ध्यात सोडलेला, सहा वर्षं टेंपररी. पण एक काम माझं एकट्याचं होतं. त्या पेटीच्या अंगाला यू आकाराची काचेची नळी होती, तिच्यात लाल पाणी. नळीचं एक टोक पिशव्यांच्या अलीकडच्या हवेत, दुसरं पलीकडच्या. दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती मिलिमीटरचा फरक पडला ते रोज सकाळी बघून मी रजिस्टरमध्ये लिहायचो. आत ग्राइंडर घेऊन राबणाऱ्यांना ते जमत नव्हतं. मला जमत होतं. त्याचा माज होता मला, खोटं कशाला बोलू.

“चला दादा,” मी म्हणालो. “बिडीवर कशाला जाताय, यंत्र दाखवतो.”

त्यांना पेटीपाशी नेलं. नळीतलं पाणी एका बाजूला खाली गेलेलं, दुसऱ्या बाजूला वर चढलेलं.

“हे किती?”

“मला काय कळतंय त्यातलं.”

“दोनशे चाळीस. दोन महिन्यांमागं नव्वद होतं. आता दोनशे चाळीस. अडीचपट प्रेशर!”

“म्हंजे जास्त वडतंय?”

“मग काय सांगतोय मघापासनं?”

सर्जादांनी वाकून ते लाल पाणी बघितलं. मग त्यांनी बिडी पायाखाली विझवली. “यंत्राला कळतंय म्हंजे बरोबरच आसंल. बिडीला काय शाळा हाय?”

त्यांच्या नाकातोंडाला ओलं फडकं बांधलेलं असायचं. चौदा वर्षं बांधत होते. पोरं त्यांना ‘नवरी’ म्हणून चिडवायची. उन्हाळ्यात त्या फडक्यानं जीव गुदमरायचा, तासातासाला पिळून परत भिजवावं लागायचं. त्या दिवशी जागेवर परत जाताना ते फडक्याच्या गाठीला हात लावून म्हणाले, “मग हे कशाला आता?”

“कशाला बांधताय? सोडा की. एवढं प्रेशर हाय.”

त्यांनी गाठ सोडली आणि फडकं गळ्यात टाकलं.

पुढच्या चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर त्यांच्या गावची सासनकाठी चढली तेव्हा सर्जादा पायथ्याला बसले होते. वीस वर्षं त्या काठीचा तोल त्यांनी धरलेला. त्या वर्षी पहिल्या चढालाच छाती भात्यासारखी व्हायला लागली, म्हणून दुसऱ्यानं काठी घेतली. पावसाळ्यात खोकला लागला. कंपनीच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि टीबी म्हणून सांगितलं. सहा महिने गोळ्या झाल्या. वजन उतरत राहिलं. कंपनीनं घरी बसवलं. माझी नळी रोज दोनशे तीस, दोनशे चाळीस, दोनशे पन्नास दाखवत होती आणि मी रोज लिहीत होतो. दोनशे पन्नास झालं की हुक्केरीला जाऊन सांगायचोसुद्धा.

मग तो दिवस आला. तारीख लिहीत नाही. पाठ आहे.

सकाळी गेटवर सर्जादांचा मुलगा उत्तम उभा होता.

“निवासदा, एक काम हुतं.” त्यानं सरकारी दवाखान्याचा कागद काढला. “डॉक्टर म्हणत्यात, थुंकीत जंतू घावंना. फोटोत दिसतंय ते धुळीचंबी आसंल. पण कंपनीनं लिहून दिलंय की हितं धूळच नसती. ते म्हणाले, धुळीचा कायतरी कागद आणा, म्हंजे मी टीबी खोडून दुसरं लिवतो.”

“त्यानं काय हुणार?”

“दादा बरं न्हाई हुणार, म्हाईत हाय.” उत्तम खाली बघत म्हणाला. “पण धुळीचा रोग लागट नसतोय म्हणं. माझ्या तनूला तीन वर्सं पुरी झाली. टीबी कळल्यापासनं बायको तिला त्यांच्याजवळ जाऊ देत न्हाई. बायकोचं तरी काय चुकलं? पर म्हातारा एवढंच मागतोय. एकदा मांडीवर द्या म्हणतोय. डॉक्टरनं लिवलं तर ती ऐकंल.”

मी रजिस्टरचा विचार केला. आणि छाती पुढं काढून, हो, छाती पुढं काढूनच म्हणालो, “उत्तम, माझ्याकडं रोजचं लिहिलंय. ओढ एकदम फुल हुती. त्यात धुळीचं काय घावणार न्हाई.”

त्यानं कागदाची घडी केली. “बरं. दादा तुझी आठवण काढतोय. संध्याकाळी येऊन जा.”

“येतो.”

दुसऱ्या दिवशी कारखाना इन्स्पेक्टर यायचे होते. म्हणून त्याच सकाळी पिशव्या बदलायला इचलकरंजीहून मुजावरचाचा आले होते. साठीचा माणूस, दाढी मेंदीनं रंगवलेली, जिल्ह्यातल्या निम्म्या फौंड्रींच्या पेट्यांत उतरलेला. मी पेटीचं झाकण उघडलं. चाचांनी आत टॉर्च मारला आणि पहिली पिशवी ओढली. ती निघेना. दोघांनी मिळून ओढली तेव्हा निघाली. कापडाची पिशवी उभी राहिली. टेकू न देता, जमिनीवर, सिमेंटच्या नळासारखी.

“या अल्ला,” चाचा म्हणाले. “झाडणीची हवा कवापासनं बंद हाय?”

“दीड वर्स.”

“आणि नळीवर किती?”

“दोनशे चाळीस!” मी म्हणालो. “एकदम जोरात हाय चाचा.”

त्यांनी टॉर्च बंद केला. माझ्याकडं वळले. मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

“रुमाल हाय? तोंडाला लाव. घे श्वास.”

मी घेतला.

“आली हवा? आता त्याची चार पदरी घडी कर. त्या बादलीत बुडीव. लाव तोंडाला, नाक धर. घे.”

मी श्वास ओढला. रुमाल ओठांत घुसला, गाल आत गेले, बरगड्या ताणल्या. डोळ्यांत पाणी आलं. मी रुमाल फेकून दिला.

“जोर कवा जास्त लागला?”

“आता.”

“आणि हवा?”

मी खाली पडलेला रुमाल उचलला.

“तुझी नळी जोर मोजती बाबा. हवा न्हाई. पिशव्या मोकळ्या असल्या की नव्वद, शंभर. दोनशेच्या वर गेलं म्हंजे गळा दाबलाय. हूडला काय सुद्धा वडत नसणार. कुणी सांगितलं न्हाई तुला?”

सांगितलं होतं. एका माणसानं सांगितलं होतं, बिडी हातात धरून.

 मी एकदम वळलो. कारण एक गोष्ट डोक्यात लख्ख झाली होती: रजिस्टर. दीड वर्षाचं, माझ्या हातचं, रोज दोनशे चाळीस. डॉक्टरला पाहिजे होता तो कागद हाच. त्या प्रत्येक ओळीत लिहिलेलं होतं की सर्जादा मगदूमपुढच्या हूडनं आज काहीही ओढलं नाही. मी चांगलं म्हणून लिहिलं होतं, पण लिहिलं खरं होतं.

रजिस्टर घेऊन हुक्केरीच्या केबिनमध्ये गेलो. “साहेब, याची झेरॉक्स पाहिजे. सर्जादांच्या डॉक्टरला द्यायची हाय.”

हुक्केरीनं उठून दार लावलं.

“हे कोणी कोणी बघितलंय?”

“मी. मुजावरचाचांनी ऐकलंय.”

“मुजावर काही ऐकत नसतो. त्याला पुढच्या वर्षी पण पिशव्या बदलायच्या आहेत.” त्यानं ड्रॉवर उघडला आणि कोरं रजिस्टर टेबलावर ठेवलं. तसंच, त्याच निळ्या पुठ्ठ्याचं. आणून ठेवलेलं होतं. “उद्या इन्स्पेक्टर. संध्याकाळपर्यंत दीड वर्षाचं भरून काढ. नव्वद ते एकशेवीसमध्ये ठेव, थोडं खाली-वर कर. पेनं बदल. दीडशेच्या वर एकदाही जाऊ नको, पिशव्या चोंदल्या होत्या ते लगेच कळतं.”



“तुमाला म्हाईत हुतं?”

“काय?”

“दोनशे चाळीस म्हंजे काय ते.”

“तू विचारलंस कधी?” हुक्केरी म्हणाला. आवाज चढला नाही त्याचा. “रोज यायचास, साहेब आज दोनशे पन्नास. तुझं तोंड असं फुललेलं. मी काय म्हणणार?”

त्या क्षणी त्याच्या टेबलावरचा कास्टिंगचा नमुना उचलून त्याच्या तोंडावर मारायला पाहिजे होता. आज लिहिताना हात शिवशिवतो. तेव्हा शिवशिवला नाही.

“तुझं कायमचं पत्र सहीला आहे,” तो म्हणाला. “सात वर्षं झाली ना तुला? तू नाही लिहिलंस तर दुसरा कोणीतरी लिहील. पण मग व्हॉल्व्ह कोणी बंद केला हा विषय निघेल. तोंडी सांगितलेलं कुठं दिसत नाही निवास. फिरवणारा हात दिसतो. आणि सर्जेरावला फडकं सोडायला कोणी सांगितलं, ते सगळ्या शॉपला माहीत आहे.”

म्हणजे तेही त्याला माहीत होतं.

एक वाजता टूलरूममध्ये बसलो, पाचला उठलो. तीन पेनं वापरली. नव्वद, पंच्याण्णव, एकशेदोन, अठ्ठ्याण्णव. काही पानांना ग्रीसचा अंगठा लावला. एका पानावर चहा सांडला. एके ठिकाणी आकडा चुकवून खोडला आणि बाजूला छोटी सही केली, खरं वाटावं म्हणून. हे मला हुक्केरीनं सांगितलं नव्हतं. हे माझं डोकं. ज्या दिवशी सर्जादांनी फडकं सोडलं, त्या तारखेवर पेन थांबलं. मग तिथं पंच्याण्णव लिहिलं.

जुनं रजिस्टर हुक्केरीनं स्वतः फाडलं नाही. माझ्याबरोबर भट्टीपर्यंत चालत आला आणि मला टाकायला लावलं. पुठ्ठा आधी वाकला, मग पानं एक एक उघडली, कोणीतरी वाचत असल्यासारखी.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. इन्स्पेक्टर आले, नवं रजिस्टर चाळलं, शेरा मारला: समाधानकारक. तिसऱ्या दिवशी हुक्केरीनं इन्स्पेक्टरपुरती चालू केलेली झाडणीची हवा परत बंद करायला सांगितली आणि कायम झालेल्या माणसानं व्हॉल्व्ह परत फिरवला. सर्जादा आषाढात गेले. दाखल्यावर टीबी. तनू तोवर त्यांच्या मांडीवर बसलेली नव्हती. मला अजून त्या फौंड्रीत निवासमिस्त्री म्हणतात आणि चहा पाजतात.

पण हे सगळं ज्यासाठी लिहायला घेतलं, ते त्या संध्याकाळचं आहे.

दिवेलागणीला त्यांच्या घरी गेलो. उत्तम दारातच होता. त्यानं कागदाच्या आशेनं माझ्या हातांकडं बघितलं. मी नकारार्थी मान हलवली.

परड्याकडच्या खोलीत सर्जादांची कॉट होती. उशाला भिंतीकडं सरकवलेलं त्यांचं वेगळं ताट, वेगळा तांब्या. उंबऱ्यापलीकडं तनू बसलेली. तिला उंबरा ओलांडायचा नाही हे शिकवलं होतं, म्हणून आजोबा-नातीनं एक खेळ काढला होता. ती तिकडून चेंडू घरंगळत सोडायची, हे कॉटवरून वाकून काठीनं परत ढकलायचे. एकदा ढकललं की मिनिटभर धाप. मग परत. प्रत्येक वेळी चेंडू परत गेला की तिची आई तो पाण्यात बुडवून फडक्यानं पुसायची आणि मगच पोरीच्या हातात द्यायची. कोणी रागावत नव्हतं. सवय झाली होती.

“आलास व्हय,” सर्जादा म्हणाले. “बस की. लांब बस, बाबा.”

मी कॉटवर बसलो. जवळ. काय ते धाडस! लागट नाही हे त्या घरात मला एकट्यालाच माहीत होतं.

वैनींनी, म्हणजे सर्जादांच्या बायकोनं, देवापुढं उदबत्ती लावून ती खोलीतून फिरवली, कॉटच्या उशाशी खोचून ठेवली. सर्जादा तोंड उघडं ठेवून श्वास घेत होते. उदबत्तीचा धूर त्यांच्या तोंडासमोरून सरळ वर जात होता. मी दुसरीकडं बघितलं.

“फॅक्टरीत काय नवीन?”

“काय न्हाई. पिशव्या बदलल्या आज.”

“नव्या?”

“नव्या.”

त्यांचे डोळे जरा उघडले. “मग आता नळीत किती दावतंय?”

थाप मारता आली असती. पण दिवसभर आकडेच लिहिले होते, जिभेवर तोच आला. आणि तो खरा होता.

“नव्वद.”

“नव्वद?” सर्जादा उठून बसायला लागले. वैनी पुढं झाल्या, त्यांनी हातानं थांबवलं. “दोनशे चाळीस हुतं की रं.”

“व्हय.”

“माझ्या येळंला दोनशे चाळीस हुतं. तू दाखवलंस न्हवं का मला.” धाप लागली. त्यांनी वैनींकडं बघितलं, त्यांनाही कळावं म्हणून. “लई जोर हुता त्याला. आणि आता नव्वद? निम्म्याच्या बी खाली आलं की.”

मी तोंड उघडलं. सगळं तोंडापर्यंत आलं होतं: रुमाल, बादली, चाचा, भट्टी. एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं. तनूच्या आईला ऐकू गेलं असतं. ती चार पावलांवर उभी होती, हातात ओला चेंडू.

“माझ्या जाग्यावर कोण हाय?” सर्जादांनी विचारलं.

“भैरू.”

“पोरगं हाय ते. दोन लेकरं हाईत त्याला.” त्यांनी माझं मनगट धरलं. बोटांत ग्राइंडर धरायची ताकद अजून होती. “त्याला सांग. फडकं बांध म्हणावं. ओलं करून. मी सोडलं तवा जोर हुता. आता उतरलाय. त्याला म्हणावं, सर्जादानं सांगितलंय.”

उंबऱ्यावरून चेंडू घरंगळत आला आणि माझ्या पायाला लागून थांबला.

“सांगशील न्हवं?”

“सांगतो,” मी म्हणालो.